दोन खोल्या, धक्क्याजवळ

अकरा खोल्यांचा बंगला विकून
आम्ही दाभोळच्या धक्क्याजवळ दोन खोल्यांत आलो
तेव्हा नणंद मैमूना दारातच थबकली.
"एवढीच?" म्हणाली.
मी म्हटलं, "आत ये, मग मोज."
आत आली, तर मोजायला काही उरलंच नव्हतं.

बंगला यांनी बांधला
कुवेतच्या टगबोटीवर सतरा वर्षं राबून.
बोटीवर यांची केबिन सहा बाय आठ,
झोपायला फळी, खुंटीला शर्ट, भिंतीवर आमचा चिकटवलेला फोटो.
त्या फळीवर पडून हे खोल्या वाढवत राहिले,
पत्रातून, एकेक:
"माडीवर अजून दोन काढ. पाहुणे येतील."
पाहुणे यायचे ईदला. चार दिवस.
वर्षाचे बाकीचे तीनशे एकसष्ट
यांनी बांधलेलं मी झाडत होते.

खाडीची हवा काही विचारून येत नाही.
गाद्यांना बुरशी, कपाटांना वाळवी,
खिडक्यांचे गज खारं वारं कुरतडून खायचं.
कुणीच झोपत नसलेल्या खोल्यांवर
दर वर्षी ताडपत्री घालायला
मी गड्यांना मजुरी मोजत होते.

हे कायमचे परतले, तर आणखीच गंमत.
हे वर, मी खाली. माझ्या गुडघ्यांनी जिना नाकारलेला.
चहा झाला की मोबाइलवरून मिस कॉल द्यायचा.
एका छपराखाली राहून
आमच्यात पुन्हा टपालाचं अंतर.

सामान काढलं तेव्हा निघाल्या
अठ्ठेचाळीस कपबश्या, त्यातल्या तीस
अजून अरबी वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या.
सहा ठेवल्या. तीही चैनच.
झुंबर काजूवाल्या सुर्व्यांनी घरासकट घेतलं.
त्यांच्या कारखान्यातल्या बाया आता तिथे राहतात,
माडीच्या कठड्यावर परकर वाळतात, रेडिओ ओरडतो.
इतकं भरलेलं ते घर मी कधी पाहिलं नव्हतं.
वाटेनं जाताना हेवा वाटेल म्हणून घाबरले होते.
वाटला, पण फक्त विहिरीचा.
इथे नळाला दिवसाआड पाणी.

इथे एकच केरसुणी. सात मिनिटांत केर संपतो,
आणि दिवस समोर पडून राहतो
ओहोटीनंतरच्या वाळूसारखा, लांबलचक.
काय करायचं त्याचं, पहिले काही दिवस कळेना.
आता दारात तिसऱ्या फोडत बसते.
धोपाव्याहून फेरीबोट येते, फळी आपटते,
मोटरसायकली, एक म्हैस, नवरी बसलेली जीप उतरते.
दार उघडं असेपर्यंत
तो धक्का आमचीच तिसरी खोली.

तोटे आहेत. बांगडे तळले की यांच्या सदऱ्याला वास.
आणि राग ठेवायला जागा नाही.
पूर्वी दार लावून घेतलं की तीन दिवस टिकायचा.
आता कपाट उघडायचं तरी
यांना "सरका" म्हणावं लागतं,
की झालंच बोलणं सुरू.

चाव्यांचा जुडगा द्यायचा राहूनच गेला.
"कुलपं बदलली, असू द्या तुमच्याकडे," सुर्वे म्हणाले.
गच्चीत पापड घातले की कापडाच्या कोपऱ्यावर ठेवते.
चांगला जड आहे.

हे झोपेत बोलतात.
चाळीस वर्षांच्या संसारात मला ठाऊकच नव्हतं.
बंदरांची नावं, शिव्या, कुणा हारूनला हाका.
परवा रात्री भरती होती,
पाणी धक्क्याच्या पायऱ्यांना लागलेलं,
आणि हे अगदी स्पष्ट म्हणाले, "दोर सोड."
मी अंधारातच म्हटलं,
"सोडला."
यांनी कूस बदलली, आणि घोरू लागले.